मुखपृष्ठावरची वेणी लाल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सहाजण मिळून फँटसी कादंबऱ्या वाचता, महिन्याला एक. या वेळी एका जुन्या मालिकेची नवी आवृत्ती हाती आली आणि कथा राहिली बाजूला, भांडण जुंपलं ते मुखपृष्ठावरून. जुन्या आवृत्तीवर रंगवलेलं चित्र होतं: वादळ, घोडा, तलवार उपसलेली नायिका. नव्या आवृत्तीवर काळ्या पार्श्वभूमीवर एक सोनेरी किल्ली, बस्स. काहींच्या मते हा मालिकेचा अपमान. काहींच्या मते आता कुठे हे पुस्तक चारचौघांत उघडता येईल. आणि एकीचा मुद्दा वेगळाच. जुनं चित्र तरी कुठे धड होतं, कथेत नायिकेची वेणी काळी आणि चित्रात लालभडक, म्हणजे चित्रकाराने पुस्तक वाचलेलंच नाही. तर यात बरोबर कोण, आणि ‘छान’ नि ‘भिकार’ यांच्यापलीकडे मुखपृष्ठाबद्दल बोलायचं तरी काय?

मी 22 वर्षं मुखपृष्ठं करते आहे, त्यातली निम्म्याहून जास्त फँटसीची. त्यामुळे आधीच सांगून ठेवते, वेणीच्या मुद्द्यावर माझा आवाज थोडा चढणार आहे.

चित्रकार पुस्तक वाचतो का? मिळालं तर वाचतो. मुखपृष्ठ पुस्तकाच्या खूप आधी लागतं. पुस्तक यायच्या कित्येक महिने आधी प्रकाशकाची विक्रीची माणसं ते विक्रेत्यांना दाखवतात, आगाऊ नोंदणी सुरू होते, आणि तेव्हा लेखक अजून शेवटच्या प्रकरणांशी झुंजत असतो. मालिकेच्या तिसऱ्या-चौथ्या भागाला तर हे हटकून होतं. मग चित्रकाराच्या हाती येतो तो ब्रीफ: दीड पान मजकूर, पात्रांची वर्णनं, दोन-तीन प्रसंगांचा सारांश आणि खाली आर्ट डायरेक्टरची, म्हणजे प्रकाशकाकडे मुखपृष्ठांचं काम बघणाऱ्याची, एक ओळ, ‘गूढ हवं, पण फार अंधारं नको.’ ही ओळ मला इतक्यांदा आली आहे की आता मी ती न वाचताच कामाला लागते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1965 सालचं. टोल्किनच्या पुस्तकांची एक अनधिकृत पेपरबॅक आवृत्ती अमेरिकेत एस बुक्सने आणली होती, तिच्यावर उतारा म्हणून बॅलंटाइनने अधिकृत आवृत्ती घाईघाईने काढली. मुखपृष्ठं केली बार्बरा रेमिंग्टनने. तिला पुस्तकं वाचायला मिळालीच नव्हती, मित्रमंडळींकडून जे कानावर आलं त्यावर तिने चित्रं उभी केली. ‘द हॉबिट’च्या मुखपृष्ठावर एक सिंह, इमूसारखे पक्षी आणि समोर गुलाबी गोळे लगडलेलं एक झाड. टोल्किनने ते पाहिलं आणि पत्र लिहून विचारलं, की याचा माझ्या गोष्टीशी संबंध काय, हे इमू इथे कसे आले, आणि पुढचं ते गुलाबी प्रकरण नेमकं आहे तरी काय? पुढच्या छपाईत सिंह गेला. पक्षी आणि गोळे राहिले.

आता यातली गंमत बघा. तिने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन भागांसाठी जे चित्र केलं ते तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एक सलग दृश्य होतं. त्याचं पोस्टर निघालं, विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या भिंतींवर ते वर्षानुवर्षं लागलेलं असायचं, आणि अमेरिकेतल्या एका आख्ख्या पिढीच्या डोक्यात मिडल-अर्थ, म्हणजे टोल्किनचं ते काल्पनिक जग, म्हटलं की तेच रंग यायचे. न वाचलेल्या पुस्तकाचं चित्र वाचकांनी आपलंसं केलं. तेव्हा ‘वाचलं नाही म्हणून चित्र वाईट’ हे समीकरण दिसतं तितकं सरळ नाही.

वाचूनही घोटाळे होतातच. टेरी प्रॅचेटच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’ची पेपरबॅक 1985 साली आली तेव्हा जॉश कर्बीने मुखपृष्ठ रंगवलं. कथेत एक भाबडा पर्यटक आहे, तो चष्मा लावतो, आणि चष्मा कधी न पाहिलेले लोक त्याला चार डोळ्यांचा म्हणतात. कर्बीने शब्द जसाच्या तसा उचलला आणि त्या बिचाऱ्याला खरोखरच चार डोळे काढले. पुढे कर्बी आणि डिस्कवर्ल्ड, म्हणजे प्रॅचेटची ही मालिका, यांची जोडी अशी जमली की एक डोळ्यांसमोर आणायचं तर दुसरं आपोआप येतं. कर्बीचं नाव लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता माझी कहाणी. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीसाठी मी नायक काढला, डाव्या गालावर व्रण, तलवार उजव्या हातात. हस्तलिखित पूर्ण मिळालं होतं आणि मी ते दोनदा वाचलं होतं. अशा वेळी मी एक कागद समोर ठेवते. त्यावर वय, वर्ण, केस, कोणता हात, कपडे नवे की जीर्ण, ऋतू, उजेड कुठून येतो, हे सगळं पान क्रमांकासकट टिपून ठेवते. चित्र पाठवलं, मंजूर झालं, पैसेही आले. छापील प्रत आली तेव्हा नायकाचा व्रण उजव्या गालावर होता आणि तलवार डाव्या हातात. कुणीतरी शेवटच्या आठवड्यात ठरवलं होतं की नायक पुस्तकाच्या उघडत्या कडेकडे बघणारा हवा, पाठीकडे नको, म्हणून अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलटवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. त्यानंतर वर्षभर वाचकांच्या तक्रारी मला येत राहिल्या, ‘बाई, पुस्तक वाचत जा.’ वड्याचं तेल वांग्यावर.

म्हणून तुमच्या मैत्रिणीला एवढंच म्हणेन, की वेणीचा रंग चुकला असेल तर तो कुणी चुकवला हे पुस्तक हातात धरून कळत नाही. कदाचित ब्रीफमध्येच लाल लिहिलेलं असेल. कदाचित लेखकाने पहिल्या खर्ड्यात वेणी लाल ठेवली असेल आणि चित्र झाल्यावर काळी केली असेल. किंवा वादळाच्या निळ्या-करड्या आकाशावर काळी वेणी दिसेनाशी होत होती आणि आर्ट डायरेक्टर म्हणाला असेल, ‘इथे काहीतरी उठून दिसायला हवं.’ हे तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा खरं असतं. अंगठ्याएवढ्या आकारात मुखपृष्ठ पडद्यावर दिसणार असेल तर लाल रंगाचा एक फटकारा अख्खं चित्र तोलून धरतो. हे कारण तुम्हाला पटायलाच हवं असं नाही. पण ते आळसाचं नाही, निवडीचं आहे, आणि निवडीवर वाद घालायला जास्त मजा येते.

मग मुखपृष्ठ जोखायचं कशावरून? माझ्यापुरतं मी असं धरते, की मुखपृष्ठ म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. आत या प्रकारचं काही मिळेल, हा वेग, ही भीती, हा विनोद, या वयाच्या माणसांसाठी. तो शब्द पुस्तक पाळतं का, एवढं बघायचं. तपशील त्या शब्दाच्या सेवेला असतात. रेमिंग्टनचं झाड चुकीचं होतं, पण ‘आत एक अनोळखी, पूर्ण, थोडं विचित्र जग आहे’ हा शब्द खरा होता.

फ्रँक फ्रॅझेटाचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. कोननच्या कथा लिहिणारा रॉबर्ट हॉवर्ड 1936 साली वारला. त्याचा हा रानटी योद्धा ‘वीअर्ड टेल्स’ मासिकातून लोकांना माहीत झाला होता, पण त्याचं खरं गारूड पसरलं ते तीस वर्षांनी, 1966 पासून लान्सर बुक्सच्या पेपरबॅक मालिकेतून, आणि त्यात फ्रॅझेटाच्या मुखपृष्ठांचा वाटा मोठा होता. पहिलंच चित्र घ्या. प्रेतांच्या ढिगावर एक योद्धा उभा आहे, तलवारीचं टोक खाली, पायाला एक स्त्री बिलगलेली. हा अमुक कथेतला अमुक प्रसंग, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि लढाईच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ असून चित्रात लढाई नाहीच, ती संपली आहे. सगळं स्तब्ध आहे. उजेड छातीवर आणि खांद्यावर पडतो आणि खाली येता येता ढिगाऱ्यातली शरीरं तपकिरी अंधारात विरत जातात. कुणाचा हात कुठे संपतो ते कळत नाही, तुमचा डोळा ते पूर्ण करतो. मागे आकाश म्हणावं तर आकाश नाही, नुसता धुरकट रंग, जणू त्या माणसाच्याच अंगातून निघालेला. नवशिके चित्रकार नेमकं उलट करतात, ढिगातलं प्रत्येक चिलखत घासूनपुसून काढतात आणि चित्र थंड पडतं. फ्रॅझेटाने वाचकाला जो शब्द दिला तो ‘इथे दया नाही’ असा होता, आणि कथा तो पाळतात. पायाशी बिलगलेल्या त्या स्त्रीबद्दल माझं मत वेगळं आहे, त्याकडे येतेच.

दुसऱ्या टोकाला मायकेल व्हेलन. हा माणूस वाचून, टिपणं काढून, मग रंगवणारा. त्याची एक साखळी मला फार आवडते. बार्बरा हॅम्बलीची ‘ड्रॅगन्सबेन’ 1985 साली आली, मुखपृष्ठ व्हेलनचं. पुस्तकांचा कंटाळा असलेल्या एका शाळकरी मुलाला त्याच्या शिक्षिकेने ते पुस्तक दिलं आणि तो फँटसीच्या नादी लागला. त्या मुलाचं नाव ब्रँडन सँडरसन. 2010 साली त्याच्या ‘द वे ऑफ किंग्ज’चं मुखपृष्ठ व्हेलननेच रंगवलं. मधल्या काळात सँडरसनने रॉबर्ट जॉर्डनच्या मृत्यूनंतर ‘व्हील ऑफ टाइम’ पूर्ण करायला घेतली होती. त्या मालिकेची मुखपृष्ठं 1990 पासून डॅरेल के. स्वीट करत होता. डिसेंबर 2011 मध्ये तो गेला, आणि 2013 साली आलेल्या शेवटच्या भागाचं चित्र व्हेलनकडे आलं. स्वीटच्या चित्रांवर वाचकांनी वर्षानुवर्षं टीका केली, पात्रांचे चेहरे, उंची, घोड्यांची ठेवण, काही म्हणून सोडलं नाही. तरी कपाटात तेरा पुस्तकं एका हातची आणि चौदावं दुसऱ्या हातचं असं लागलं तेव्हा त्यांच्यातल्याच कित्येकांना चुटपुट लागली. मालिकेच्या मुखपृष्ठाचं हे एक वेगळंच असतं. ते चांगलं आहे की वाईट हा प्रश्न काही वर्षांनी मागे पडतो आणि ते आपलं होऊन जातं. तुमच्या गटातल्या ‘अपमान झाला’ म्हणणाऱ्यांचं दुःख मला वाटतं या जातीचं आहे. ते खरं आहे, फक्त त्याला कलेची टीका म्हणू नका.

आता किल्ली.

नुसती वस्तू असलेली मुखपृष्ठं, म्हणजे मुकुट, खंजीर, किल्ली, पंख, ही वाचकाची लाज ओळखून केलेली असतात. हॅरी पॉटर ब्रिटनमध्ये 1997 साली आला तो थॉमस टेलरने रंगवलेल्या आगगाडीसकट, मुलांसाठीच. पण मोठी माणसंही तो वाचताहेत हे लक्षात येताच पुढच्याच वर्षी प्रकाशकाने मोठ्यांसाठी वेगळं, काळ्यापांढऱ्या छायाचित्राचं मुखपृष्ठ काढलं. आत अक्षर न अक्षर तेच. बदललं ते एवढंच, की बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही काय वाचताय असं वाटेल. टीव्ही मालिकांमुळे जो वाचक फँटसीकडे पहिल्यांदा वळतो त्याच्यासाठीही हेच केलं जातं. ड्रॅगन दिसला की तो पुस्तक खाली ठेवेल, मुकुट दिसला तर उचलेल.

माझं मत विचाराल तर अशा दहा मुखपृष्ठांपैकी आठ भित्री असतात. किल्ली कुठल्याही पुस्तकावर चालते, म्हणजे ती कुठल्याच पुस्तकाची नसते. पण उरलेल्या दोनांत कारागिरी असते, आणि ती बघायला शिकायला हवं. तुमच्या आवृत्तीची किल्ली उजेडात तिरकी धरून बघा. नुसती सोनेरी शाई आहे की फॉइल, म्हणजे दाबून चिकटवलेला चकचकीत पातळ पापुद्रा? फॉइल असेल तर कडा चाकूने कापल्यासारख्या येतात आणि पुस्तक हलवलं की चमक सरकते. बोटाला उठाव लागतो का? लागला तर एम्बॉसिंग केलं आहे. काळा भाग सगळीकडे सारखाच मंद आहे, की त्यात कुठे फक्त उजेडात दिसणारी चकचकीत नक्षी दडली आहे? असेल तर तो स्पॉट यूव्ही, आणि त्या नक्षीत बहुतेक वेळा कथेतलं काहीतरी लपवलेलं असतं, नकाशाचा तुकडा, एखादी लिपी, झाडाच्या मुळ्या. पहिल्या वाचनाआधी ती नक्षी म्हणजे नुसती सजावट. शेवटच्या प्रकरणानंतर तीच नक्षी वाचता येते. असं निघालं तर किल्लीवाल्यांना माझ्याकडून एक गुण.

अक्षरांबद्दल आपण वाचक फारच कमी बोलतो. चित्रकाराला मिळालेला वरचा तिसरा हिस्सा मुळात त्याचा नसतोच, तो शीर्षकाचा. लेखक नावाजलेला असेल तर खालचा हिस्साही जातो. म्हणून जुन्या फँटसी चित्रांत वर एवढं रिकामं आकाश दिसतं. ते आकाश शीर्षकासाठी राखून ठेवलेली जागा आहे. चित्र आणि अक्षरं एकमेकांना ओळखतात का, हे बघायची सोपी युक्ती: शीर्षकावर हात ठेवा. चित्र ओकंबोकं वाटलं तर अक्षरं रचनेचा भाग होती. चित्र सुटकेचा श्वास टाकतंय असं वाटलं तर अक्षरं वरून आणून चिकटवलेली. एक टाइप, म्हणजे अक्षरवळण, तर तुम्ही शेकडो वेळा पाहिलेला असणार. ‘ट्रेजन’ नावाचा. तो कॅरल ट्वॉम्ब्लीने 1989 साली अडोबीसाठी रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावरच्या शिलालेखावरून बेतला. भव्य, प्राचीन, गंभीर काही सांगायचं असलं की तोच. इतका वापरला गेला की आता त्यातून प्राचीनतेपेक्षा घाईच जास्त दिसते.

छपाईबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण वाचक ज्याला चित्रकाराची चूक समजतात त्यातलं निम्मं छापखान्यात घडलेलं असतं. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. चार शाया मिळून सगळे रंग होतात असं म्हणतात खरं, पण झगझगीत निळा-हिरवा त्यांना जमत नाही. आणि फँटसीतली जादू नेमकी त्याच रंगाची असते! सुरुवातीच्या वर्षांत मी एका चेटकिणीच्या तळहातावर हिरवी ज्वाळा काढली होती. पडद्यावर ती अशी पेटलेली की खोलीत उजेड पडावा. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं तेव्हा तळहातावर शेवाळ होतं. रंग वाढवून काही होईना, शाई त्यापुढे जातच नाही. शेवटी आमच्या एका जुन्या आर्ट डायरेक्टरने सांगितलं, ज्वाळेला हात लावू नकोस, बाकी सगळं विझव. मी चेहरा दोन पायऱ्या काळवंडला, झग्यातला पिवळा काढून घेतला, मागची भिंत जांभळट करड्याकडे नेली. ज्वाळा तीच, तशीच मंद हिरवी, आणि आता ती जळत होती. तेव्हापासून चांगल्या मुखपृष्ठावर जादू चमकताना दिसली की मी आधी तिच्या आजूबाजूचा अंधार बघते.

रंगांचा हिशेब लेखकांनाही चुकलेला नाही. ‘द हॉबिट’ची 1937 सालची पहिली आवृत्ती घ्या. तिचं जॅकेट टोल्किनने स्वतः काढलं होतं. डोंगर, काळी झाडं, मधून गेलेली वाट, एका बाजूला दिवस, दुसऱ्या बाजूला रात्र, कडेने रून लिपीत मजकूर. सूर्य आणि ड्रॅगन त्याला लाल हवे होते. पण आणखी एक रंग म्हणजे आणखी खर्च. प्रकाशकाने लाल काढून टाकला आणि जॅकेट काळ्या, निळ्या, हिरव्यात निघालं. नंतरच्या काही आवृत्त्यांत तो लाल परत आला. दोन्ही शेजारी ठेवून बघितलीत तर एकाच रंगाने काय काय हलतं ते कळेल. मला स्वतःला बिनलाल आवृत्ती जास्त आवडते, ती जास्त थंड आणि लांबची वाटते. टोल्किनला हे आवडलं नसतं.

आता ज्या चुका मी चित्रकाराच्या, आर्ट डायरेक्टरच्या, कुणाच्याच सोयीसाठी माफ करत नाही, त्यांच्याबद्दल. वेणीचा रंग ही निवड असू शकते. माणसाचा वर्ण ही नाही. उर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’त (1968) नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच त्याहून काळा, आणि गोऱ्या कातडीचे लोक तिथे समुद्रापलीकडून येणारे हल्लेखोर. हे तिने ठरवून लिहिलं होतं. तरीही वर्षानुवर्षं कितीतरी आवृत्त्यांवर गेड गोरा होत राहिला आणि ती त्याबद्दल जाहीरपणे चिडत राहिली. कारण एकच दिलं जायचं, काळ्या माणसाचं चित्र असलेलं पुस्तक विकलं जात नाही. मुखपृष्ठाने दिलेला शब्द इथे कथेने दिलेल्या शब्दाच्या थेट विरुद्ध जातो. 2018 साली पन्नाशीनिमित्त सगळ्या अर्थसी कथांचा एकत्र सचित्र खंड निघाला. चार्ल्स व्हेसने त्यासाठी ले ग्विनशी बोलत बोलत काही वर्षं चित्रं केली. त्यातला गेड लेखिकेने लिहिला तसा आहे. खंड यायच्या आधी, त्याच वर्षीच्या जानेवारीत ती गेली.

इथे वाचकांच्या बोलण्याचा उपयोगही होतो, नुसती चहाटळकी म्हणून ते सोडून देऊ नका. 2010 साली ‘मॅजिक अंडर ग्लास’ नावाच्या कादंबरीवर सावळ्या नायिकेच्या जागी गोरी मुलगी छापली गेली. वाचकांनी एवढा आवाज केला की प्रकाशकाने मुखपृष्ठ मागे घेऊन नवं काढलं.

स्त्रियांच्या शरीराचंही तसंच. फ्रॅझेटाच्या चित्रातली ती बिलगलेली बाई आठवा. 2012 च्या सुरुवातीला लेखक जिम हाइन्सने एक साधा प्रयोग केला. फँटसी मुखपृष्ठांवरच्या नायिका ज्या ऐटीत उभ्या असतात, म्हणजे पाठही दिसते आणि छातीही, कमरेतून वळसा, तलवार हातात, तसं स्वतः उभं राहून फोटो काढले. ते बघताना हसू आवरत नाही आणि मग लक्षात येतं की या अवस्थेत माणूस लढणं सोडा, दोन मिनिटं उभाही राहू शकत नाही. मी तेव्हापासून प्रत्येक नायिका काढण्याआधी आरशासमोर तशी उभी राहते. पाठीत कळ आली तर रेखाटन फाडते. तुमच्या गटातही करून बघा, एका संध्याकाळची करमणूक आहे आणि वाद दहा मिनिटांत मिटतो.

यंत्राने बनवलेल्या चित्रांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी काढेलच म्हणून दोन वाक्यं. 2023 साली सारा जे. मासच्या एका कादंबरीच्या ब्रिटिश आवृत्तीवरचा लांडगा विकत मिळणाऱ्या चित्रांच्या साठ्यातल्या, एआयने तयार केलेल्या चित्रावरून घेतल्याचं वाचकांनीच हुडकलं, आणि प्रकाशकाला ते ठाऊक नव्हतं असं प्रकाशकाने सांगितलं. मला राग लांडग्यापेक्षा त्या ‘ठाऊक नव्हतं’चा जास्त येतो.

तर तुमच्या पुढच्या बैठकीसाठी. मुखपृष्ठावर दोनदा बोला, एकदा वाचायच्या आधी आणि एकदा वाचून झाल्यावर. आधी प्रत्येकाने एका वाक्यात लिहून ठेवायचं, हे मुखपृष्ठ मला आत काय मिळेल म्हणून सांगतंय. नंतर ते वाक्य काढून बघायचं. बहुतेक वेळा भांडण चित्राबद्दल नसतं, त्या वाक्याबद्दल असतं, आणि सहा जणांची सहा वाक्यं निघतात. जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवताना त्यांची सालं बघा, कारण 1975 चं मुखपृष्ठ दुकानातल्या फिरत्या स्टँडवरून हाक मारायला केलेलं असतं आणि आजचं फोनवर अंगठ्याएवढं दिसायला. आणि कृपा करून चित्रकाराचं नाव शोधा. जॅकेटच्या आतल्या पाखावर किंवा हक्कांच्या पानावर बारीक अक्षरात असतं. नाव सापडलं की त्याची आणखी पाच मुखपृष्ठं काढून बघा. मग लाल वेणी त्याची सवय आहे, की याच पुस्तकापुरती आहे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

नाव शोधायच्या सवयीतून मला मिळालेली एक गोष्ट सांगते. जॉश कर्बी 2001 साली गेला. त्यानंतर डिस्कवर्ल्डची मुखपृष्ठं पॉल किडबीकडे आली. 2002 च्या ‘नाइट वॉच’साठी त्याने रेम्ब्रांटच्या 1642 मधल्या त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्राची नक्कल केली, पहारेकऱ्यांच्या जागी प्रॅचेटची पात्रं बसवून. मूळ चित्र मलपृष्ठावर छापलेलं आहे, म्हणजे दोन्ही पडताळून बघता येतात. रेम्ब्रांटने त्या गर्दीत एका कोपऱ्यात, इतरांच्या मागून डोकावणारा स्वतःचा चेहरा काढला आहे असं मानतात. किडबीच्या चित्रात नेमक्या त्या जागी कर्बी उभा आहे. त्याला त्याने दोनच डोळे काढले आहेत.